बाईंचे बेडूक

बाईंच्या घरी येणाऱ्या बायकांना नाव नसे, धान्य असे. मागच्या दाराने कुणी पदराखाली बाटली लपवून आली, की बाई तिला नाव विचारत नसत आणि गावही विचारत नसत. फळीवर धान्याचे डबे मांडलेले होते. त्यातल्या एका डब्यातून चिमूटभर दाणे काढून त्या बशीत टाकत, ती बशी बाटलीशेजारी ठेवत आणि म्हणत, "तू तूर. संध्याकाळी येऊन तूर म्हण." कुणी मूग असे, कुणी बरबटी. एकदा एका मोठ्या घरच्या सुनेला भगर मिळाली. तिला राग आला, गहू द्या म्हणाली. बाई म्हणाल्या, "गहू सकाळीच गेले. उद्या लवकर ये."

बाटलीत त्या बाईची सकाळची लघवी असे. ती लघवी बाई पिचकारीने बेडकाच्या पाठीत टोचत. काही तासांनी त्याच बेडकाच्या मागून थेंबभर पाणी काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघत. बाटलीवालीला दिवस गेलेले असतील तर काचेवर दोऱ्यासारखे बारीक जीव, बेडकाचे शुक्राणू, वळवळताना दिसत. नसतील तर काहीच दिसत नसे. त्यासाठी नर बेडूकच लागत, गाठीगाठींच्या अंगाचे, मातकट रंगाचे. न्हाणीशेजारच्या खोलीत ओल्या गोणपाटाखाली मातीच्या कुंड्यांमध्ये ते बसलेले असत. बाई त्यांना 'जंटलमेन' म्हणत. गावातल्या कुठल्याही पुरुषाला त्यांनी हा मान दिलेला मी ऐकला नाही.

मला त्या बेडकांची भीती वाटे. बाईंची त्याहून जास्त.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, मिशनच्या वसतिगृहात राहून शिकले आणि दिग्रसला घरी परत आले. वडील वकील होते. माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं आणि तोवर मी घरात बसून होते. मला इंग्रजी चांगलं येई, टायपिंग येई, आणि माणसांशी बोलता येत नसे. बाई डॉक्टर होत्या, आणि त्यांना त्यांच्या संशोधनाची टिपणं इंग्रजीत टाइप करून मुंबईच्या एका प्रोफेसरांना पाठवायची होती. वडिलांनी कबूल केलं. एका बाईमाणसाकडे जायचं, तेही घराजवळ, म्हणून आईनेही फार विरोध केला नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी मला दारातच उभं ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत बघितलं. उंच, पाठीत वाकलेल्या, पायात पुरुषांचे काळे बूट, कमरेला शिंप्याकडून शिवून घेतलेली खाकी थैली. वय पंचेचाळीसच्या आसपास असावं. तोंडात आल्याचा तुकडा.

"काय जेवून आलीस?"

मी म्हटलं, "पोळी, भाजी."

"किती पोळ्या?"

मी पायांकडे बघू लागले. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे लाजायचं नाही. लाजायचं असेल तर घरी जाऊन लाज." आणि थैलीत हात घालून मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. "माझ्यासमोर खा."

हे 'माझ्यासमोर खा' सगळ्या गावाला माहीत होतं. पोटुशी बाई दिसली की बाई तिला रस्त्यात अडवत. बाजारात, बसथांब्यावर, देवळाच्या पायरीवर. घरी नेलेला गूळ सासऱ्याच्या चहात जातो आणि फुटाणे पोरांच्या खिशात, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून तिथल्या तिथे, त्यांच्या डोळ्यांदेखत खायचं. कापसाच्या जिनिंग गिरणीतले मजूर थांबून बघत. बाया लाजेने लाल होत आणि भराभर चावत.

त्यांच्या संशोधनाचा अर्धा भाग एकाच प्रश्नाचा होता. पोटुशी बाई घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसते, तेव्हा भांड्यात काय उरलेलं असतं? हे विचारून कळत नाही, कारण सगळ्या म्हणतात, "भरपूर असते." म्हणून बाई नेमक्या त्या वेळेला लोकांच्या घरात शिरत आणि भांड्यावरचं झाकण उचलत. कुणी पाट मांडे, कुणी आतून कडी लावून घेई. एका घरी त्यांना बघून सासूने रिकाम्या भांड्यात घाईघाईने पाणी ओतलं आणि म्हणाली, "रस्सा हाय." बाईंनी चमच्याने ते पाणी चाखलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मी मागे वही धरून उभी होते. हसू आलं होतं, पण त्या सासूचे डोळे बघून ते आतच राहिलं.

बेडकांची गरजही त्यातूनच निघाली होती. पोट दिसायला लागल्यावर खाऊ घालायला फार उशीर होतो, पहिल्याच महिन्यांत कळायला हवं, असं त्या म्हणत.

गावाबाहेरच्या तांड्यातली सकरी नेहमी यायची. तिचं पहिलं मूल अडून गेलं होतं. आता पुन्हा दिवस होते, आणि सासू तिला अर्धपोटी ठेवत होती. तांड्यातल्या बाया बाईंना 'याडी' म्हणत, म्हणजे आई. सकरी पायरीवर बसून फुटाणे खायची आणि बोलायची.

"याडी, सासू म्हणते जास्त खाल्लं का लेकरू मोठं होते, अन् मग अडते."

"तुह्या सासूले म्हण, उपाशी लेकराची माय अडते. जोर कुठून लावशील? हवेनं?"

"मी म्हणलं तिले. तर म्हणे, तुही याडी स्वतः बाळंत झाली का कधी?"

मला वाटलं, आता बाई भडकतील. त्यांनी आल्याचा तुकडा या गालातून त्या गालात सरकवला. "तिले सांग, म्हशीचा डॉक्टर म्हैस नसते. खा."

सकरी पदरात तोंड घालून हसली. मग मला म्हणाली, "ताई, तुम्ही कायले भेता हो याडीले? मी तं नाही भेत."

मी भिते हे तिला दिसत होतं. सगळ्यांनाच दिसत असावं. पण मी कशाला भिते, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं.

मला दर महिन्याला दुखायचं. नुसतं दुखायचं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पोटात खाली कुणीतरी ओला कपडा पिळतंय, आणि पिळून झाल्यावरही सोडत नाही, असं वाटायचं. मांड्यांपर्यंत कळा जात. मी ओकत असे. डोळ्यांपुढे अंधारी येई. वसतिगृहात सिस्टर म्हणत, प्रार्थना कर. घरी आई म्हणे, सगळ्यांनाच होतं, आवाज करू नकोस, पुढे पक्षकार बसलेत.

घरी ते चार दिवस मागच्या पडवीत वेगळं बसावं लागे. चटई वेगळी, तांब्या वेगळा, ताट लांबून सरकवलेलं. विहिरीवर जायची वाट त्याच पडवीवरून होती, त्यामुळे कारकुनापासून पाणी भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळायचं की वकिलांची मुलगी आज बाहेरची आहे. सगळे बघताहेत आणि मी तोंडात पदराचा बोळा घालून गुडघे पोटाशी घेऊन पडलेय, ही कल्पनाच मला सहन होत नसे. शिवाय त्या दिवसांत बाईंकडे जाता येत नसे. म्हणून मी लपवायला लागले. आईला सांगायचंच नाही. सकाळी उठायचं, ओठ चावून केस विंचरायचे आणि बाईंकडे जायचं. तिथे न्हाणीला कडी होती. कपडे तिथेच धुवायचे आणि ओलेच पिशवीत घालून घरी न्यायचे.

बाई याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मात्र न्हाणीच्या आतल्या बाजूला, खिडकीच्या उन्हात, एक दोरी बांधलेली होती.

एक दिवस त्या मला मजकूर सांगत होत्या आणि मी टाइप करत होते. इंग्रजीत होतं सगळं. रुग्ण अविवाहित. पाळीच्या आधीपासून वेदना सुरू होतात. ती गुडघे पोटाशी ओढून पडते. उलट्या. कुणाला सांगत नाही. माझी बोटं थांबली. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पुढे लिही. एंडोमेट्रिओसिसचा संशय." मी त्यांना त्या शब्दाचं स्पेलिंग विचारलं. त्यांनी सांगितलं. मी टाइप केलं. तो रुग्ण कोण हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. इंग्रजीत मला हे सगळे शब्द वाचता येत, टाइप करता येत. मराठीतला 'पाळी' हा शब्द मी तोवर मोठ्याने उच्चारला नव्हता.

थंडीचे दिवस होते. सकाळी मी मोरीकडे निघाले, तर आईने एक बाटली पुढे केली. वडिलांच्या खोकल्याच्या औषधाची, हिरव्या काचेची, तोंडाशी टवका उडालेली.

"हिच्यात दे. वैद्यबुवांना दाखवायची आहे. काही खात नाहीस, ओकून राहिली आहेस, तोंड बघ कसं झालंय."

तिचा आवाज नेहमीसारखा होता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. बाटलीच्या टवक्यावरून अंगठा फिरवत होती. मी बाटली भरून दिली. वैद्यबुवा बाटलीत बघून पोटातली उष्णता सांगतात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मला काही वाटलं नाही.

बाईंकडे पोहोचले तर टेबलावर तीच बाटली होती. हिरवी, तोंडाशी टवका उडालेली, कागदाचा बोळा कोंबलेला. शेजारी बशीत जवस.

मी उभीच राहिले. आई मागच्या दाराने येऊन गेली होती. आईला वाटत होतं, मला दिवस गेलेत.

सगळं एकदम समजलं. तीन महिने मी बाहेरची बसले नव्हते. ओकत होते. चक्कर येत होती. आईने हिशेब केला होता आणि तो कुणाला न सांगता ती इतके दिवस घरात वावरत होती, पोळ्या लाटत होती, स्थळांच्या पत्रिका वडिलांच्या हातात देत होती. त्या पोळ्या मी खात होते.

"नात्यातली आहे म्हणाली," बाई म्हणाल्या. "जवस. दोन जंटलमेन काढ."

थंडीत नर सुस्त असतात, एकाच्या 'नाही'वर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून त्या थंडीत नेहमी दोन घेत. मी गोणपाट उचललं. एरवी मी बेडकाला फडक्याने धरायची. त्या दिवशी फडकं घ्यायचं सुचलं नाही. गार, खरखरीत अंग हातात आलं. त्याच्या गळ्याखालची कातडी वरखाली होत होती. बाईंनी पिचकारी भरली आणि त्याच्या पाठीत टोचली. मग दुसऱ्याच्या. मी दोघांनाही धरलं होतं. ते माझंच आहे हे मला माहीत होतं. बाईंना माहीत होतं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

मग वाट बघणं.

मी कुणाचा हातही धरला नव्हता. तरी मला भीती वाटत होती की बेडूक 'हो' म्हणेल. आज हे हसण्यासारखं आहे. पण मी शिकले होते त्या शाळेत यातलं काहीच सांगितलं जात नव्हतं. वसतिगृहातल्या मुली अंथरुणात कुजबुजत, पुरुषाच्या टॉवेलने होतं, बसमध्ये बसलेल्या जागेने होतं. मी त्यावर विश्वास ठेवत नव्हते. पूर्ण अविश्वासही नव्हता. माझं शरीर मला न विचारता इतकं काही करत होतं. ते बेडकाला काय सांगेल याची मी काय खात्री देणार?

आणि त्याने 'हो' म्हटलं तर? आई ओरडणार नाही, हे मला माहीत होतं. ती वडिलांना सांगेल. वडील ऑफिसचं दार लावून घेतील. मग एक दिवस मला यवतमाळच्या बसमध्ये बसवतील, आणि नंतर माझ्याबद्दल घरात कुणी बोलणार नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात असं झालं होतं. त्या मुलीचं नाव आता मलाही नीट आठवत नव्हतं.

सकरी आली, पायरीवर बसली. "याडी, आज कोणाचा बेंडूक बोलून राह्यला?"

"जवसाचा."

"काय म्हणते मग? पोरगा का पोरगी?"

"बेंडकाले एवढं समजलं असतं, तर त्याले मी इथं खुर्चीवर बसवलं असतं अन् मी डबक्यात गेली असती."

सकरी खळखळून हसली. मी टाइपरायटरपुढे बसून होते, कागदावर एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटत होतं. "ताईले बरं नाही वाटून राह्यलं," ती म्हणाली. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी फुटाण्यांची मूठ टेबलावर ठेवली. मला खाता आले नाहीत, आणि पहिल्यांदाच त्या 'माझ्यासमोर खा' म्हणाल्या नाहीत.

दुपारी त्यांनी गोणपाट उचललं. एक बेडूक मेला होता. पाय ताणून, पांढरं पोट वर करून.

मला वाटलं, माझ्या आत विष आहे. बाई म्हणाल्या, "थंडीने मरतात. कधी कधी लघवी सोसत नाही त्यांना." मला त्यातलं फक्त दुसरं वाक्य ऐकू आलं. त्यांनी जिवंत बेडकाचा थेंब काचेवर घेतला, मायक्रोस्कोपला डोळा लावला, बराच वेळ काच इकडून तिकडे सरकवली.

"बघ."

मी बघितलं. उजेडाचा एक गोल होता, थोडे कण, आणि काहीही हलत नव्हतं. मी श्वास रोखून बघत राहिले, कारण मी डोळा काढल्यावर ते हलायला लागतील असं वाटत होतं.

"हा नाही म्हणतो," बाई म्हणाल्या. "पण एकटाच आहे. अजून एक घे."

तिसऱ्याला टोचलं. पुन्हा वाट. तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या.

"बाटली बघितल्यावर तुझं तोंड बघितलं, तेव्हा मला कळलं. तुला दिवस नाहीत. ते मला बेडकाशिवाय माहीत आहे, न्हाणीतली दोरी मीच बांधली. पण तुझ्या आईला बेडूक पाहिजे. आता तुझ्या पोटात काय आहे ते ऐक."

त्यांनी माझ्या खांद्यावरून कापसाचा एक तंतू उचलला. जिनिंग सुरू असलं की सगळ्या गावावर तो उडे. कौलांवर, दुधावर, केसांत.

"हा गिरणीत असायला पाहिजे. उडून तुझ्या खांद्यावर आला. गर्भाशयाच्या आतलं अस्तर असतं, तसंच काहीतरी कधी कधी बाहेर, पोटात, नको तिथे बसतं. दर महिन्याला आतलं अस्तर रक्त टाकतं, तसं हेही टाकतं. आतल्याला बाहेर यायला वाट आहे. ह्याला नाही. म्हणून दुखतं. तू नाटकं करत नाहीस आणि तू पापही केलेलं नाहीस."

"बरं होतं?" मी विचारलं.

त्यांनी तो तंतू फुंकरीने उडवून दिला.

"सगळे सांगतील, लग्न करून द्या, मूल झालं की थांबेल. काहींचं थांबतं, काही दिवस. काहींना मूलच होत नाही. माझं मुंबईला सगळं काढून टाकलं, अठ्ठाविसाव्या वर्षी. तुझं काय होईल ते मला माहीत नाही. माहीत असतं तर मी टिपणं पाठवत बसले असते का?"

त्या दिवशी आणखी एक भीती मला मिळाली, आणि ती पुष्कळ वर्षं राहिली. पण तिला नाव होतं. ती बाकीच्या भीतींसारखी नव्हती.

दिवे लागायच्या सुमाराला आई आली. मागच्या दाराने, पदर कपाळाखाली ओढून. मी आतल्या खोलीत कुंड्यांजवळ होते. मधलं दार उघडं होतं.

"जवस," आई म्हणाली.

"जवसाला सांगीन," बाई म्हणाल्या. "बाटली आणणारीला मी सांगत नाही, जिची असते तिलाच सांगते. माझा नियम आहे, वकिलीणबाई."

"ती लांब राहते. मी सांगते तिला."

"लांब राहत नाही. आत बेडकांना पाणी घालून राहिली आहे."

मग बाईंनी मला हाक मारली. मी दारात आले. आईने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती घाबरली होती. माझी आई घाबरलेली मी कधी बघितली नव्हती. मला वाटे, घरात घाबरणारी मी एकटीच.

"जगलेल्या दोन्ही बेडकांचं मी हिला सांगितलंय," बाई म्हणाल्या. "आता ही तुम्हाला सांगेल."

तिसऱ्याच्या काचेवरही काही हललं नव्हतं. पण नुसतं 'नाही' म्हणून चालणार नव्हतं हे मला कळत होतं. थंडीतला बेडूक खोटं बोलू शकतो हे आईला आज ना उद्या कुणीतरी सांगितलंच असतं, आणि मग ती पुन्हा रोज माझ्या पोटाकडे बघत राहिली असती. जे सांगायचं ते बेडकाने सांगण्यासारखं नव्हतं. बाई आल्याचा तुकडा चघळत होत्या आणि मला कसलीही मदत करत नव्हत्या.

मी जमिनीकडे बघून म्हटलं, "माझी पाळी बंद नाही. दर महिन्याला येते. मी लपवत होते."

"का?"

"पडवीत सगळे बघतात. आणि मला फार दुखतं, आई. ओरडावंसं वाटतं. तिथे ओरडता येत नाही."

आई मटकन स्टुलावर बसली. पदर डोक्यावरून खाली आला तरी तिने तो सावरला नाही. मग, मला नाही, बाईंना म्हणाली, "मलाही व्हायचं असं. ही होईपर्यंत."

बाईंनी चघळणं थांबवलं. मी त्यांचा चेहरा कधी विसरणार नाही. दुसरं कुणी असतं तर त्याने आईला पाणी दिलं असतं, धीर दिला असता. बाईंनी पाटी ओढली, पेन्सिल घेतली आणि खुर्ची सरकवून आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"कितव्या वर्षापासून? आधी दुखायचं की नंतर? पाठीतही? शौचाला बसताना? तुमच्या आईला होतं? मावशीला?"

मला लाजेने मेल्यासारखं झालं. आईसारख्या बाईला कुणी असं विचारतं? पण आई उत्तरं देत होती. आधी एकेक शब्द, मग वाक्यं. तिच्या मावशीला मूल झालं नाही म्हणून मावशीच्या नवऱ्याने दुसरी केली. ती मावशी दर महिन्याला गोठ्यात जाऊन पडायची, हे आईने लहानपणी बघितलं होतं. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. कुणीतरी विचारेपर्यंत हे तिलाही आठवत नसावं. अंधार पडला, मी कंदील लावला, तरी त्या दोघी बोलत होत्या.

निघताना आईने विचारलं, "औषध?"

"दुखणं कमी करायच्या गोळ्या देते. तेवढ्याने भागत नाही. मिठाचं गाठोडं गरम करून पोटावर धरा. आणि त्या दिवशी कुणीतरी हिच्याजवळ बसलं पाहिजे. हिला एकटीला ठेवायचं नाही."

आई म्हणाली, "बाहेरची असताना?"

"तेव्हाच दुखतं, वकिलीणबाई."

बाईंनी थैलीतून फुटाणे काढले आणि आधी आईच्या हातावर ठेवले, मग माझ्या. "माझ्यासमोर खा," त्या म्हणाल्या. माझी आई, जी कुणाच्या हातचं पाणी पीत नसे, दारात उभी राहून फुटाणे खात होती.

त्यानंतर मी त्यांच्याकडे वर्षभर होते. सकरीला मुलगी झाली, अडली नाही. तिला घेऊन ती बेडूक दाखवायला आली होती. मुंबईच्या प्रोफेसरांचं एकदा उत्तर आलं, त्यात बेडकांचं कौतुक होतं आणि दुखण्याबद्दल एकही ओळ नव्हती. बाईंनी ते उत्तर कुंडीवर झाकण म्हणून ठेवलं. पुढे माझं लग्न झालं, त्या कुठे गेल्या ते मला नीट कळलं नाही. कुणी म्हणतं ढाणकीकडे होत्या, कुणी म्हणतं आजारी पडून नागपूरला गेल्या. मला कधी कधी वाटतं, त्या कुठल्यातरी घरात नेमक्या वेळेला शिरून भांड्यावरचं झाकण उचलत असतील.

पण मला सांगायचा आहे तो आई बाईंकडे आली त्याच महिन्यातला एक दिवस. पहाटेच कळा सुरू झाल्या. मी उठून आईला म्हटलं, "मी बाहेरची आहे." तिने मान हलवली आणि पडवीत चटई टाकली. मी जाऊन पडले. नेहमीसारखं भिंतीकडे तोंड केलं, पदर तोंडात घेतला. पुढच्या खोलीत पक्षकार बोलत होते. कळ आली तेव्हा पावलं वाजली. आई गरम गाठोडं घेऊन आली होती. मला वाटलं, लांबून सरकवेल. ती चटईवर बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि गाठोडं स्वतःच्या हाताने माझ्या पोटावर धरून ठेवलं. मी ओरडले. पुढची बोलणी थांबली. आईने हात हलवला नाही.

कळ ओसरली तशी ती उठली आणि काही न बोलता विहिरीवर गेली. थंडीत, गार पाण्याने, डोक्यावरून आंघोळ करून, दुसरं लुगडं नेसून स्वयंपाकघरात शिरली. विटाळ झाला होता, तो धुतल्याशिवाय तिला चुलीला हात लावता येत नव्हता, आणि लावलाही नाही. थोड्या वेळाने पुन्हा कळ आली. पुन्हा तिची पावलं वाजली, पुन्हा ती चटईवर येऊन बसली, पुन्हा विहिरीवर गेली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आईचे केस वाळले नाहीत.